भाड्याला विटाळ नव्हता

मसूर हे सातारा जिल्ह्यातलं लहानसं रेल्वे स्टेशन. 1901 साली एका संध्याकाळी पाचच्या सुमारास तिथं आगगाडीतून काही लेकरं उतरली. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचरं. वडील रामजी गोरेगावला होते. दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून सरकारनं तिथं तलावाचं काम काढलं होतं, त्या कामावर ते रोखपाल होते. सुट्टीत लेकरांनी आपल्याकडं यावं म्हणून त्यांनी साताऱ्याला पत्र धाडलं होतं. लेकरांनी तोवर आगगाडी पाहिलेली नव्हती. नवे सदरे, चमकीच्या टोप्या, नवे जोडे, रेशमी काठाची धोतरं, असा सगळा थाट करून ती निघाली. येतोय म्हणून उलट पत्र टाकलं होतं, पण ते वडिलांच्या हाती पडलंच नाही. त्यामुळं स्टेशनवर न्यायला कुणी आलं नाही.

तासभर वाट पाहिल्यावर स्टेशन मास्तर जवळ आला. कपड्यांवरून त्याला ही चांगल्या घरची, बामणाची पोरं वाटली. त्यानं विचारलं, तुम्ही कोण? भीमरावानं मागचा-पुढचा विचार न करता सांगून टाकलं, आम्ही महार. मास्तराचा चेहरा तिथल्या तिथं उतरला. तो मुकाट्यानं आपल्या खोलीत निघून गेला.

स्टेशनाबाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या. पोरांची जात तोवर सगळ्या गाडीवानांच्या कानावर गेली होती. एकही गाडीवान तयार होईना. दुप्पट भाडं देतो म्हटलं तरी होईना. शेवटी मास्तरानंच पोरांना विचारलं, गाडी हाकता येईल का? पोरं आनंदानं ओरडली, येईल! मग सौदा ठरला. भाडं दुप्पट, गाडी पोरांनी हाकायची, आणि गाडीवान बाजूनं पायी चालणार. एक गाडीवान राजी झाला. त्याला भाडंही मिळत होतं आणि विटाळही टळत होता.

हा सौदा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. मी शिरूर अनंतपाळचा. सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली. गळ्यात कातडी पिशवी, हातात तिकिटाची पेटी, कानामागं पेन्सिल. निलंगा, साकोळ, नळेगाव, उदगीर, लातूर, याच रस्त्यांवर माझे केस पांढरे झाले. भाडं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. प्रवाशानं पैसे दिले की त्याला तिकीट द्यायचं. तिकीट दिलं की तो माणूस आपल्या जिम्म्यात. त्याला जिथं जायचं तिथं नेऊन सोडेपर्यंत तो आपल्या गाडीचा. यात दुसरं काही येतच नाही. मसूरच्या त्या गाडीवानानं भाडं घेतलं, दुप्पट घेतलं, आणि माणूस मात्र न्यायचं कबूल केलं नाही. माणसानं स्वतःला स्वतःच न्यायचं, तेही नऊ-दहा वर्षांच्या लेकरानं, आणि वर पैसेही मोजायचे.

बाबासाहेबांनी ही हकिगत पुढं तीसच्या दशकात इंग्रजीत लिहून काढली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ असं त्या लिखाणाचं नाव. ते हस्तलिखित राहिलं आणि 1990 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं पुस्तिका म्हणून छापलं. म्हणजे लेखक गेल्यावर तब्बल चौतीस वर्षांनी. मला ते दीक्षाभूमीवर मिळालं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपुरात रस्त्याच्या दोन्ही अंगाला पुस्तकांचे ढीग लागतात, त्यातल्या एका ढिगात. मोठमोठे ग्रंथ लोक पोत्यानं नेतात. ही पातळ पुस्तिका तळाशी दबलेली असते.

त्या रात्रीचं पुढचं सांगतो, कारण लोक एवढ्यावरच थांबतात. साडेसहाच्या सुमाराला गाडी निघाली. तीन तासांत पोचू, असं गाडीवान म्हणाला होता. वाटेत भाकरी खायला पोरं थांबली. डबा भरून खाणं होतं, पाणी नव्हतं. जवळच्या डबक्यात शेणमूत कालवलेला चिखल होता, त्याचा वास सहन होईना. पोरांनी अर्धपोटीच डबा बांधून ठेवला. अंधार वाढला. माणूस दिसेना, दिवा दिसेना. लेकरं रडायला लागली. मध्यरात्रीच्या सुमाराला टेकडीच्या पायथ्याशी टोलनाक्याचा दिवा दिसला. पाणी हवं असेल तर मुसलमान आहोत म्हणून सांगा, असा सल्ला गाडीवानानं दिला. भीमराव नाकेदाराकडं गेला, उर्दूत बोलला, पाणी मागितलं. नाकेदारानं तेही दिलं नाही. तुमच्यासाठी इथं कुणी पाणी भरून ठेवलंय, टेकडीवर आहे, जाऊन प्या, असं त्याचं उत्तर.

आणि आता सकाळ. पाच वाजता गाडीवान म्हणाला, चला, निघू. पोरांनी साफ नकार दिला. आठ वाजेपर्यंत आम्ही हलणार नाही, असं त्यांनी त्याला बजावलं. अंधारात पुन्हा त्याच्या भरवशावर जायला ती तयार नव्हती. गाडीवानाला गप्प बसावं लागलं. आठला गाडी निघाली आणि अकराला गोरेगावात पोचली.

रात्रभर तहानलेली, भ्यालेली, रडलेली लेकरं एका मोठ्या माणसाला सांगतात की आम्ही हलणार नाही. या गोष्टीवर कुणी भाषण केलेलं मी ऐकलेलं नाही. जयंतीला पाण्याचं सांगतात, गाडीवानाचं सांगतात. सकाळच्या नकाराचं सांगत नाहीत. मला तो नकार सगळ्यात मोठा वाटतो. ‘हलणार नाही’ हे शब्द प्रवासाच्या इतिहासात पुढं फार मोठे झाले, आणि ते आणखी एका लेकराच्या तोंडून आले. तिच्याकडं मी येतोच. आधी चाळीसगाव.

1929 साल. तेव्हा भीमराव हे डॉ. आंबेडकर होते, बॅरिस्टर होते, अस्पृश्यांच्या तक्रारी तपासायला मुंबई सरकारनं नेमलेल्या समितीचे सदस्य होते. धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला उतरले. महारवाड्यातली माणसं स्टेशनवर घ्यायला आली होती आणि रात्र इथंच काढा म्हणून आग्रह करत होती. महारवाडा नदीपलीकडं. टांगा आणायला बराच वेळ लागला. अखेर टांगा आला. निघाल्यावर थोड्याच अंतरावर एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढं नदीवरच्या मोरीवर चाक दगडात अडकलं, घोडा टांग्यासकट खाली नदीत गेला, बाबासाहेब फरशीवर आपटले. पाय मोडला, बरेच दिवस उठता आलं नाही.

नंतर कळलं ते असं. एकही टांगेवाला महार उतारूला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. पाहुण्याला चालत न्यावं हे महारवाड्याला बरं वाटेना. मग तोड निघाली. टांगेवाला टांगा भाड्यानं देईल, हाकणार नाही; हाकणारा तुम्ही आणा. ज्यानं लगाम धरला त्याला टांगा हाकायची सवय नव्हती.

अठ्ठावीस वर्षं गेली होती. मसूरचा सौदा चाळीसगावात जसाच्या तसा झाला. मधल्या काळात ते लेकरू कोलंबिया विद्यापीठात शिकून आलं, लंडनला शिकून आलं. गाडी हाकणाऱ्याच्या लेखी काही बदललं नाही. बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय की हलकं काम करणाऱ्या त्या टांगेवाल्यालाही आपण बॅरिस्टर असलेल्या अस्पृश्यापेक्षा वरचे वाटत होतो. पण दोन्ही ठिकाणी सौदा करणाऱ्यानं एक गोष्ट नाकारली नाही. पैसे. महाराच्या हातातला रुपया मसूरला चालला, चाळीसगावला चालला. भाड्याला कधीच विटाळ झाला नाही. म्हणून मी म्हणतो, विटाळ हा मनातला समज होता, चुकीची श्रद्धा होती, असं बोलून सोडून देऊ नका. ज्या गोष्टीत आपला फायदा तिथं तो लागू होत नव्हता. एवढा हिशेब ज्याला कळतो त्याला अडाणी म्हणता येत नाही.

आमच्याकडं मराठवाड्यात तेव्हा निजामाची मोगलाई. 1934 मध्ये बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांबरोबर वेरूळ-दौलताबाद बघायला आले. सोबत बस होती, मोटार होती. गाड्या बरोबरच होत्या, म्हणून गाडीवानाचा प्रश्न नव्हता. दौलताबादला किल्ल्याच्या दाराशी छोटा हौद होता. रमजानचा महिना. प्रवासाच्या धुळीनं भरलेले हातपाय मंडळींनी तिथं धुतले. एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा ओरडत आला, ढेडांनी हौद बाटवला. माणसं जमली, शिवीगाळ झाली, प्रकरण हातघाईवर यायची वेळ आली. शेवटी किल्ला बघायची परवानगी मिळाली ती एक हत्यारी शिपाई बरोबर घेऊन, कुठं पाण्याला हात लागू नये म्हणून. मसूरला मुसलमान म्हणवून पाणी मिळेना, दौलताबादेत मुसलमानानंच पाणी नाकारलं. हा रोग कुणा एका धर्माच्या घरचा राहिला नव्हता, तो मुलखाचा झाला होता.

निजामाच्या राज्यात सरकारी मोटारगाड्या 1932 मध्ये सुरू झाल्या. निजाम स्टेट रेल्वेच्या रोड ट्रान्सपोर्ट खात्यानं 27 बस घेऊन ही सेवा काढली. आमच्या भागात लोक तिला ‘सर्व्हिस’ म्हणत. माझी आज्जी मात्र म्हातारपणीसुद्धा बाजाराला पायीच जायची. डोक्यावर पाटी, चिखल असो की ऊन. मी कंडक्टर झाल्यावर म्हणायचो, आज्जे, आता आपली गाडी हाय, बस की. ती म्हणायची, “गाडीत बसून कुणाच्या तोंडाला लागायचं बाबा? पायाला कुणी ऊठ म्हणत नाही.” तिला कधी, कुणी, कुठल्या गाडीतून उठवलं होतं, हे तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही.

लातूरला रेल्वे होती ती बार्शी लाइट, अडीच फुटाच्या रुळावरची. त्याच लाइनीवर कसबे तडवळे. फेब्रुवारी 1941 मध्ये तिथं महार-मांग वतनदारांची परिषद झाली आणि बाबासाहेब त्याच गाडीनं आले. तडवळ्याच्या लोकांनी त्यांची मिरवणूक बैलगाडीतून काढली. मसूरनंतर चाळीस वर्षांनी बाबासाहेब बैलगाडीत बसले, तेव्हा ती कुणी हाकायची याचा सौदा करावा लागला नाही. आमच्याकडची जुनी माणसं या परिषदेचं सांगताना भाषणापेक्षा त्या बैलांच्या झुलींचंच जास्त सांगायची.

आता त्या दुसऱ्या लेकराकडं येतो. नाव क्लॉडेट कोल्विन. गाव माँटगोमेरी, अमेरिकेच्या अलाबामा राज्यात. 2 मार्च 1955 रोजी ती पंधरा वर्षांची होती, बुकर टी. वॉशिंग्टन हायस्कूलमध्ये शिकत होती.

तिथल्या सिटी बसचा नियम मी कंडक्टरच्या नजरेनं वाचला आणि अंगावर काटा आला. छत्तीस सीटची गाडी. पुढच्या दहा सीट गोऱ्यांच्या. त्या रिकाम्या असल्या तरी काळ्यानं बसायचं नाही, मागं गर्दीत उभं राहायचं. काळ्या उतारूनं पुढच्या दारानं चढून ड्रायव्हरकडं पैसे टाकायचे, मग खाली उतरायचं, आणि मागच्या दारानं परत चढायचं. पुष्कळदा तो मागं पोचायच्या आत गाडी सुटायची. इथंही तेच. पैसे पुढच्या दारानं चालत होते, माणूस चालत नव्हता.

दुकानांतही असंच होतं. काळ्या पोरांना बूट पायात घालून बघायची मुभा नव्हती. क्लॉडेटनं पुढं सांगितलंय, घरी खाकी कागदावर पाऊल ठेवून रेघ मारायची आणि तो कागद दुकानात न्यायचा. शाळेत मात्र त्या फेब्रुवारीत काळ्यांच्या इतिहासाचे धडे चालू होते. सोजर्नर ट्रुथ, हॅरिएट टबमन, गुलामीतून निसटून दुसऱ्यांच्या सुटकेसाठी झटणाऱ्या बाया. तिच्याच शाळेतला जेरेमाया रीव्ह्ज हा पोरगा मृत्युदंडाच्या खटल्यात अडकून तुरुंगात होता. त्या अन्यायाचा राग तिच्या मनात धुमसत होता.

शाळा सुटल्यावर ती मैत्रिणींबरोबर बसमध्ये चढली. गाडी भरली. एक गोरी बाई उभी राहिली. नियम असा की गोरी बाई काळ्यांच्या रांगेत एकटीही बसली तरी त्या अख्ख्या रांगेतल्या काळ्यांनी उठायचं. ड्रायव्हरनं हुकूम सोडला. तीन पोरी उठल्या. क्लॉडेट उठली नाही. आता तिच्या रांगेत तीन सीट रिकाम्या होत्या, तरी ती गोरी बाई बसेना. एका पोरीबरोबर एकाच ओळीत बसणं तिला मंजूर नव्हतं. पुढं रूथ हॅमिल्टन नावाची एक गरोदर काळी बाई येऊन क्लॉडेटशेजारी बसली. तिलाही उठायला सांगितलं. मी पैसे भरलेत, मला उभं राहावंसं वाटत नाही, असं सांगून तीही उठली नाही. अखेर मागच्या एका पुरुषानं तिला जागा दिली. क्लॉडेट तिथंच राहिली. पैसे भरलेत, हा माझा घटनेनं दिलेला हक्क आहे, असं ती ओरडून सांगत राहिली. दोन पोलीस चढले. पोरीला ओढून खाली उतरवलं, हातात बेड्या घातल्या आणि पोरांच्या कोठडीत न टाकता मोठ्यांच्या तुरुंगात टाकलं. तिनं पुढं सांगितलं की एका खांद्यावर सोजर्नर ट्रुथचा आणि दुसऱ्यावर हॅरिएट टबमनचा हात दाबून बसवतोय असं तिला वाटत होतं. वर्गातला इतिहास एका पोरीच्या अंगात इतका उतरतो, हे शिक्षकांनी लक्षात ठेवावं.

खटला झाला. तीन आरोप होते. अपिलात दोन काढून टाकले, पोलिसांवर हल्ला केल्याचा तेवढा ठेवला. त्यामुळं बसमधल्या भेदाचा कायदा वरच्या कोर्टात नेऊन त्याला आव्हान देण्याची वाटच बंद झाली. गावातल्या काळ्यांच्या पुढाऱ्यांनी विचार केला की या पोरीला पुढं करून लढा उभा करावा का, आणि नाही म्हणाले. वय कमी, घर गरीब, रंग जास्त काळा, स्वभाव तापट. पुढं ती लग्नाआधी गरोदर राहिली, मग तर विषयच संपला. ऑक्टोबरात मेरी लुईस स्मिथ नावाच्या अठरा वर्षांच्या पोरीलाही अशीच अटक झाली. तिलाही पुढं केलं नाही. 1 डिसेंबरला रोझा पार्क्स बसल्या जागेवरून उठल्या नाहीत. त्या शिवणकाम करणाऱ्या, शांत, चाळिशी ओलांडलेल्या, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या सचिव. त्यांच्या अटकेनंतर 5 डिसेंबरपासून 381 दिवस माँटगोमेरीतल्या काळ्या माणसांनी बसवर बहिष्कार टाकला. मार्टिन ल्यूथर किंग हे नाव तिथून जगाला माहीत झालं.

पुढाऱ्यांचा हिशेब चुकीचा होता, असं मी एका दमात म्हणणार नाही. लढा जिंकायचा तर साक्षीदार असा लागतो की ज्याच्याकडं कुणाला बोट दाखवता येऊ नये. पण ज्या पोरीला गावापुढं उभं केलं नाही तिलाच कोर्टात उभं केलं, ही गोष्ट सांगायची राहून जाते. फेब्रुवारी 1956 मध्ये वकील फ्रेड ग्रे यांनी केंद्राच्या कोर्टात दावा लावला, ब्राउडर विरुद्ध गेल. त्यात रोझा पार्क्स वादी नव्हत्या. वादी चार बाया: ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडॉनल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट कोल्विन. 11 मे रोजी क्लॉडेटनं साक्ष दिली. तेव्हा तिच्या घरी काही आठवड्यांचं बाळ होतं. 5 जूनला तीनपैकी दोन न्यायाधीशांनी बसमधला भेद घटनाबाह्य ठरवला, 13 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम केला. माँटगोमेरीच्या गाड्या बदलल्या त्या या दाव्यानं. बहिष्कारानं कंपनीचं कंबरडं मोडलं. कायदा मात्र या चार बायांनी मोडला, आणि त्यात दोघी पोरी होत्या.

क्लॉडेट पुढं न्यूयॉर्कला गेली. तिथं एका वृद्धाश्रमात रात्रपाळीत आजाऱ्यांची सेवा करत तिनं नोकरी काढली. अल्पवयीन गुन्हेगार म्हणून तिच्या नावावर झालेली नोंद कोर्टानं पुसून टाकली ती डिसेंबर 2021 मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी.

आमच्या तालुक्यात उजेड नावाचं गाव आहे. तिथं दरवर्षी जानेवारीत गांधीबाबाची यात्रा भरते, पाळणे, कुस्त्या, दुकानं, सगळं महात्मा गांधींच्या नावानं. यात्रेच्या जादा गाड्यांवर माझी ड्युटी असायची. दक्षिण आफ्रिकेत 1893 मध्ये पीटरमारित्झबर्गच्या स्टेशनवर गांधीजींना पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरवलं, ही गोष्ट यात्रेतल्या शाळकरी पोरांना पाठ असते. त्यांच्याही खिशात तिकीट होतं. ती गोष्ट सांगावीच. पण तिच्याशेजारी मसूरची सांगा. परक्या मुलखात परक्यानं उतरवलेला माणूस आम्हाला आठवतो. आपल्या मुलखात आपल्याच माणसांनी चालायला लावलेली लेकरं आठवत नाहीत.

एक फरक मात्र मला नोकरीत रोज जाणवला. माँटगोमेरीच्या ड्रायव्हरला डोळ्यांनी दिसत होतं कोण काळं, कोण गोरं. मसूरच्या मास्तराला दिसलं नव्हतं, त्याला विचारावं लागलं. जात अंगावर लिहिलेली नसते, म्हणून आपल्याकडं विचारण्याची सवय पडली. मुक्कामी गाडी घेऊन गेलो की तिचा अनुभव यायचा. संध्याकाळची शेवटची फेरी खेड्यात जायची, रात्री तिथंच थांबायची, पहाटे निघायची. ड्रायव्हर आणि मी पारावर किंवा शाळेच्या ओट्यावर पथारी टाकायचो. कुणीतरी तांब्या घेऊन यायचं, मायेनंच यायचं, आणि तांब्या हातात द्यायच्या आधी विचारायचं, “कंडक्टर, कुठलं गाव? आडनाव काय म्हणलाव?” बिल्ल्यावर नंबर असतो, नाव नसतं. मी आडनाव सांगायचो. बऱ्याच गावांत तांब्या पुढं यायचाच. एका गावात तो खाली ठेवला गेला, आणि आणणारा माणूस थोडं मागं सरकून उभा राहिला. पहाटे तोच माणूस लातूरला निघाला. त्यानं पैसे माझ्या तळहातावर वरून टाकले, बोटाला बोट लागू न देता. मी सुट्टे परत केले ते मात्र त्याच्या हातात हात लावून, नीट मोजून दिले. त्यानं ते खिशात घातले. गाडीत अंधार होता, घंटेची दोरी मी दोनदा ओढली आणि गाडी निघाली.

त्या माणसाशी मी भांडलो नाही. तक्रार करता आली असती. कायदा होता. आणि त्या कायद्याबद्दल मला खास सांगायचं आहे, कारण एसटीतल्या माणसांनाही तो ठाऊक नसतो. अस्पृश्यता (अपराध) कायदा संसदेनं 1955 मध्ये केला. क्लॉडेटला अटक झाली त्याच वर्षी. त्याच्या चौथ्या कलमात पाणवठे, दुकानं, धर्मशाळा यांच्याबरोबर सार्वजनिक वाहनांचाही उल्लेख आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला सार्वजनिक वाहन वापरू दिलं नाही तर तो गुन्हा. तेव्हा त्याला शिक्षा होती सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पीडित माणूस अनुसूचित जातीचा असेल तर कृत्य अस्पृश्यतेपोटीच झालं असं कोर्टानं धरून चालायचं, उलट सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर. 1976 मध्ये तो कायदा कडक करून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव दिलं. मसूरला गाडी नाकारणारे सगळे गाडीवान आणि चाळीसगावचा टांगेवाला या कलमात बसले असते. अमेरिकेत एक सरकार पंधरा वर्षांच्या पोरीला बसमध्ये बसली म्हणून बेड्या घालत होतं, त्याच वर्षी आपण बसू न देणाऱ्याला तुरुंग ठरवला. हे आपल्या देशानं केलं, याचा मला अभिमान आहे. तो कायदा कुणाच्या पायपिटीवर उभा आहे, हे सांगितलं नाही तर अभिमान पोकळ राहतो.

हा कायदा अमलात आला तो दिवस 1 जून 1955. आणि आपली एसटी पहिल्यांदा रस्त्यावर आली तो दिवस 1 जून 1948. पुणे-अहमदनगर मार्गावरची गाडी, कंडक्टर लक्ष्मण केवटे. तारीख एकच. दरवर्षी 1 जूनला आगारात गाड्या धुतात, केळीचे खांब आणि आंब्याचं तोरण बांधतात, प्रवाशांना पेढे देतात. मीही वाटलेत.

आगारातल्या माझ्या भावांना, आणि आता मोठ्या संख्येनं कंडक्टर होणाऱ्या बहिणींनाही, एक मागणं आहे. येत्या 1 जूनला तोरणाच्या खाली, फलकावर खडूनं का होईना, त्या चौथ्या कलमातली वाहनांची ओळ लिहा. खाली दोन नावं लिहा, मसूर 1901 आणि क्लॉडेट कोल्विन 1955. सकाळच्या गाडीला पास काढून शाळेला जाणाऱ्या पोरी ते वाचतील. एखादी विचारेल, मामा, ही कोण? तिला ही गोष्ट सांगायला आगारात एक तरी माणूस तयार ठेवा. शिरूर अनंतपाळच्या स्टँडवर कुणी नसेल तर मला बोलवा, मी येईन.